बाळंतिणीचा रुमाल

"आई, डोकं कालपासून ठणकतंय गं," शलाका म्हणाली.

"वारं लागलं असेल. रुमालानं तर कळवलंय, शिरा मोकळ्या आहेत म्हणून," आई मोबाइल बघत म्हणाली.

मेंदूच्या शिरेत रक्त गोठू लागलं की रुमाल लगेच मोबाइलवर सांगायचा. दवाखान्यातून प्रत्येक बाळंतिणीला तो कानांवरून बांधायला मिळे. शलाकाला हायसं वाटलं. मग तिची नजर मांडीवरच्या लेकीकडे गेली. शलाकाच्या वासाशिवाय पोर झोपेना, म्हणून तिनंच परवा आपला रुमाल पोरीच्या डोक्याला गुंडाळला होता.

तिनं तो सोडून स्वतःच्या डोक्याला बांधला.

"आता काय म्हणतोय? सांग ना गं!"

आईनं मोबाइल पालथा ठेवला आणि आधी तिच्या मांडीवरून बाळाला उचलून घेतलं.