गोंडी येते का कोणाले?

“पोरीहो, तुमच्यातल्या कोणाले गोंडी येते का?”

अन्नपूर्णा सिस्टर जिना चढून आली होती आणि दारातच धापा टाकत होती. नर्सिंग कॉलेजच्या वरच्या मजल्यावर जर्मनचा तास चालू होता. खाली कॉलेजचाच दवाखाना. रंजीता मॅडमनी फळ्यावर देवनागरीत लिहिलं होतं, ‘वो हाबन झी श्मेर्त्सन?’ म्हणजे, तुम्हाला कुठे दुखतंय? ज्या मुली पास होतील, त्या जर्मनीतल्या दवाखान्यांत नोकरीला जाणार होत्या. तिथे हे वाक्य रोज लागेल, असं मॅडम सांगत होत्या.

“जंगलाकडून एक बुडी आली हाये,” सिस्टर म्हणाली. “सुकरी नाव तिचं. नवऱ्यानं सांगतलं, पोटात लय दुखते म्हणून. आता ते अंगाले हात लावू देऊन नाई राह्यली. सुई पाह्यली का वरडते. काय म्हणते, आमाले काईच समजून नाई राह्यलं.”

“मग त्या नवऱ्यालाच विचारा ना,” मॅडम म्हणाल्या.

“विचारलं न. मले मराठी नाई येत म्हणते, अन् व्हरांड्यात जाऊन बसला.”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीच हात वर केला नाही. खिडकीजवळ बसलेल्या करिश्मानं वहीत डोकं घातलं.

करिश्मा कुरखेड्याच्या पलीकडच्या गावची. घरात सगळे गोंडीच बोलायचे. आठवीला ती ब्रह्मपुरीच्या वसतिगृहात आली. वॉर्डनच्या फोनवर ती आईशी बोलायला लागली की मागे पोरी उभ्या राहायच्या आणि तिचे शब्द तोंड वेंगाडून म्हणून दाखवायच्या. मग ती आईशी मराठीत बोलू लागली. आईला तेवढी मराठी येत नव्हती. ती नुसतं ‘हो, हो’ म्हणायची आणि फोन लवकर संपायचा. या कॉलेजात आल्यावर करिश्मानं सगळ्यांना सांगितलं की ती ब्रह्मपुरीचीच आहे. तिची मराठी आता इतकी स्वच्छ होती की कोणाला शंकाही आली नाही. जर्मनमध्ये तर ती वर्गात पहिली होती. जर्मन तिला आवडायचं, कारण तिथे सगळ्याच अडखळत होत्या. कोणी कोणाला हसत नव्हतं.

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. “हल्ले! हल्ले!”

म्हणजे, नाही, नाही. अख्ख्या वर्गात तो शब्द करिश्माला एकटीलाच समजला. तिची आजी हट्टाला पेटली की असंच म्हणायची, याच सुरात.

करिश्मा उठली. “मले येते.”

“तुले?” शेजारची दिव्या तिच्याकडे पाहतच राहिली. “तुले कशी काय येते?”

“माह्या घरची भाषा हाये,” करिश्मा म्हणाली आणि जिन्याकडे निघाली. तिच्यामागून सगळा वर्ग खाली उतरला. मॅडमसुद्धा.

वॉर्डात सुकरी कॉटवर ताठ बसली होती. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरलेले. समोर डॉक्टर इंजेक्शन घेऊन उभे. दारात मुलींची गर्दी झाली. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत हे करिश्माला जाणवलं आणि तिला वसतिगृहातल्या त्या पोरी आठवल्या. तिनं तोंड उघडलं.

“वो हाबन झी श्मेर्त्सन?”

सुकरीनं ओरडणं थांबवलं आणि आ वासून तिच्याकडे पाहिलं. दारातल्या मुली खो खो हसत सुटल्या. करिश्मालाही हसू आवरेना. हसता हसता तिची भीती कुठल्या कुठे गेली. ती कॉटच्या कडेला बसली, आपल्या आजीला मारावी तशी ‘काको’ अशी हाक मारली आणि तेच वाक्य गोंडीत विचारलं.

सुकरीचे हात काखेतून सुटले. तिनं करिश्माचं मनगट धरलं आणि ती जी बोलत सुटली, ती थांबेचना. ऐकता ऐकता करिश्माच्या भुवया वर चढल्या. मग तिनं पदर नसतानाही पदर शोधावा तसा हात तोंडावर नेला.

“काय म्हणते?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुठंच नाई दुखत म्हणते.”

“मग आली कशाला?”

“नवऱ्याले घेऊन आली. पोट त्याचं दुखते, सर. कालपासून लोळून राह्यला होता म्हणते. इथी आला, सुई पाह्यली अन् घाबरला. तुमी ‘पेशंट कोण?’ म्हणून विचारलं, त त्यानं हिच्याकडं बोट केलं.”

“पण त्याला मराठी येत नाही ना?”

“हिले नाई येत. त्याले चांगली येते. बाजार तोच करते.”

अन्नपूर्णा सिस्टरनं कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. वॉर्डातले बाकीचे पेशंटही हसू लागले. सगळ्यांना हसताना पाहून सुकरीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोठ्या दिमाखात कॉटवरून खाली उतरली.

करिश्मा एकटीच व्हरांड्यात गेली. सुकरीचा म्हातारा नवरा, पोचू, खांबाला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. पांढरा युनिफॉर्म दिसताच त्यानं घाईघाईनं हात जोडले. “मले मराठी नाई समजत, बाई.”

करिश्मा त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि गोंडीत म्हणाली, “बरं झालं, आजा. मलाही मराठी बोलून बोलून कंटाळा आलाय.”