ताठ नजर

मध्ययुगात एकटीने किल्ला लढवलेल्या वीरांगनेचा मातीचा पुतळा शिल्पकारबाईंनी पुरा करत आणला होता. तो बघून स्मारक समितीच्या अध्यक्षांनी नाक मुरडलं.

"बाईमाणसाची नजर एवढी ताठ? खाली घ्या."

बाईंनी मन मारून पुतळ्याच्या ओल्या पापण्या खाली ओढल्या. हात धुऊन वळतात तो डोळे पुन्हा सताड उघडे! दुसऱ्यांदाही तेच झालं.

बाईंनी कोरणी खाली ठेवली. "तिला मान्य नाही, मलाही नाही. माझा हात आता लागायचा नाही."

"मग मीच करतो!" अध्यक्षांनी अंगठ्याने पापण्या दाबल्या आणि ऐटीत बाईंकडे वळले. "झालं की नाही? अहो... दिवे कुणी घालवले?"

खोलीभर दुपारचं ऊन होतं. पुतळा रोखून बघत होता. अध्यक्षांच्या मिटलेल्या पापण्यांवर ओल्या मातीचे ठसे उमटले होते.