ज्याचे पैसे त्याला

पाटल्यांवरच्या कर्जाचं व्याज भरायला ती बँकेच्या रांगेत उभी होती. तेवढ्यात मॅनेजरच्या केबिनमधून ओळखीचा आवाज आला. आत तिचा नवरा टेबलावर हात आपटत होता.

"क्रिप्टो विकून चार लाख खात्यात घेतले, तर तुम्ही आठशे रुपये कापून मोकळे? कसले चार्जेस? ज्याचे पैसे त्यालाच पत्ता नाही? ही सरळसरळ लूट आहे."

चार लाख. दिवाळीत हाच माणूस डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होता, "तुझ्या पाटल्यांचे पैसे क्रिप्टोत बुडाले गं, दमडीही उरली नाही." उलट तिनेच त्याची समजूत काढली होती. तेव्हापासून व्याजापुरते पैसे जमवायला ती मेसच्या पोळ्या लाटत होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रांग सोडून ती तडक केबिनमध्ये शिरली. तिला पाहून नवऱ्याचा हात हवेतच राहिला.

तिने पाटल्यांची पावती टेबलावर ठेवली. "साहेब, यांचं अगदी बरोबर आहे. ज्याचे पैसे त्याला कळायलाच हवं. आता आधी यांची सही घेऊन त्या चार लाखांतून माझ्या पाटल्या सोडवा. आठशेचं नंतर बघू."