जाळणीचा शेवटचा दिवस

हेस्टर उठली नाही. मशाल पेटली होती, वारा हवा तसा वाहत होता, दोघे गडी आग झोडपायच्या लांब काठ्या घेऊन उभे होते, आणि ती कमरेएवढ्या हीदरच्या झुडपांत फतकल मारून बसली होती. शेजारी तिने आपला जाड लोकरी कोट पसरला होता.

"अगं, ऊठ ना," नेव्हिल हळूच म्हणाला. तो या माळाचा रखवालदार आणि एकतीस वर्षं तिचा नवरा. "साहेब गाडीतून उतरतायत."

"उतरू देत. तेवढेच पाय मोकळे होतील त्यांचे."

"नोकरी जाईल माझी. घरही नोकरीबरोबरचंच आहे, हेस्टर."

"मग पडदे काढते मी. तू शिडी धर."

पंधरा एप्रिल होता. उद्यापासून थेट ऑक्टोबरपर्यंत माळावर काडी ओढायला बंदी. खालचा सगळा उतार पट्ट्यापट्ट्यांनी काळा झाला होता. आता त्यात कोवळे कोंब फुटणार, ते कोंब ग्राउझ पक्षी खाणार, आणि ऑगस्टात बंदूकवाले पाहुणे येऊन त्या गुबगुबीत तांबड्या पाखरांना टिपणार. इस्टेट त्यावरच चालायची. जाळायचा उरला होता हा एकच उंच, जुना तुकडा. आणि तो काही कोंबांसाठी जाळायचा नव्हता, हे माळावरच्या टिटव्यांनाही ठाऊक होतं. इथल्या उंच झुडपांत भोवत्या या शिकारी पक्ष्याची जोडी घरटं करायची. भोवते ग्राउझची पिल्लं उचलतात. भोवत्याला गोळी घालणं गुन्हा. तो यायच्या आत त्याची जागा जाळून टाकणं हा मात्र गुन्हा नाही.

हेस्टरला ती जोडी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. करडा नर एखादं छोटं भक्ष्य पायात धरून यायचा, भर आभाळात सोडून द्यायचा, आणि तपकिरी मादी खालून उलटी होऊन ते झेलायची. एकतीस वर्षांत नेव्हिलने तिच्याकडे साधा टॉवेल असा फेकला नव्हता. काल संध्याकाळी तो नर परत आला होता. तुकड्यावर दोन घिरट्या घालून गेला होता. तेव्हाच तिने ठरवलं होतं.

पेल्हॅमसाहेब धापा टाकत वर आले. इस्टेटीचे मॅनेजर. दरवर्षी ते जाळणीची चौकशी फोनवरच करायचे. यंदा नवे बूट घालून स्वतः आले होते.

"मिसेस रेन, हा काय प्रकार आहे?"

"घरटं आहे, साहेब. ग्राउझचं. मादी माझ्या पायाखालून उडाली. अंडी गारठू नयेत म्हणून कोट टाकलाय."

पेल्हॅमचा चेहरा उतरला. भोवत्याचं म्हणाली असती तर त्यांना ऐकूच आलं नसतं. पण ग्राउझ! पाहुण्यांची पाखरं आपणच अंड्यात भाजायची कशी?

"बघू," ते वाकले.

"कोट उचलू नका. वारा बघा किती बोचरा आहे. एवढ्यात गार पडतील."

पेल्हॅम तसेच थांबले. मग सरळ झाले आणि नेव्हिलकडे वळले.

"नेव्हिल, या माळावरचं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. हात घालून बघ. असतील तर सोडू. नसतील तर लाव आग."

हे हेस्टरच्या हिशेबात नव्हतं. साहेबांना थोपवायची तयारी करून ती आली होती. नवऱ्याला थोपवायची नाही. नेव्हिल कधी खोटं बोलायचा नाही. इस्टेटीच्या गाडीवर त्याच्या हातून ओरखडा उठला होता, तेव्हा कुणी पाहायच्या आत तो ऑफिसात जाऊन सांगून आला होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, गुडघे कडकडले, आणि त्याने कोपरापर्यंत हात कोटाखाली घातला. बराच वेळ चाचपडला. गडी आभाळाकडे बघत राहिले.

"आठ," तो म्हणाला. "उबदार आहेत."

"आठ?"

"आठ, साहेब. आणि एकीने जागा धरली की बाकीच्या लांब जात नाहीत. आजूबाजूलाही असणार. शंभर पावलं तरी सोडावी लागतील."

पेल्हॅमनी घड्याळ पाहिलं. कलता सूर्य पाहिला. हेस्टरकडेही पाहिलं, ती घट्ट बसून होती.

"ऑक्टोबरात बघू," ते म्हणाले आणि गड्यांना घेऊन उतरू लागले. नवे बूट दोनदा घसरले.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर हेस्टरने कोट उचलला. खाली ओलं शेवाळ होतं आणि मेंढीच्या चार वाळक्या लेंड्या.

"चारच तर आहेत," ती म्हणाली. "आठ कशाला सांगितलीस?"

"चार म्हणालो असतो तर साहेब म्हणाले असते, चारच ना, जाळ."

ती घाईघाईने उठून उभी राहिली. कोटाची बाही सापडेना. नेव्हिलने मशाल मातीत खुपसून विझवली आणि कोट धरला.

"खोटं बोललास तू," ती म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा. माझ्यामुळे."

नेव्हिलने उंच हीदरच्या शेंड्यांवरून हात फिरवला, मेंढ्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"दहा वर्षांचा झाला की हीदर जाळतात, हेस्टर. हा वीस वर्षांचा आहे," तो म्हणाला. "आपोआप नाही वाढत एवढा. दरवर्षी फोनवर कुणाला तरी खोटं बोलावं लागतं."