वय सांगा

प्रवेश परीक्षा तिसऱ्यांदा दिली, तेव्हा कुठे तिचा डेंटलला नंबर लागला. त्या सगळ्या वर्षांत ती झोपेत कराकरा दात खायची आणि आई तिच्या गालावरून हात फिरवत पुटपुटायची, "एकदाची निवड होऊ दे गं बाई, सगळं थांबेल."

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या दातांचे ठसे घेतले गेले. पुढच्या तासाला सरांनी प्लास्टरचे दात हातात धरून विचारलं, "पार झिजलेत बघा. सांगा, वय काय असेल?"

"सत्तरीच्या आजीबाई!" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग खो खो हसला. तीही हसली.

मग तिची नजर त्यातल्या वाकड्या सुळ्यावर गेली, आणि तिने जिभेने आपला वाकडा सुळा हळूच चाचपून पाहिला.