खुर्चीचा पट्टा

पहिल्या बुडीत गोविंदाच्या हाताला नुसतं गाडीचं टप लागलं.

तो वर आला, छाती भरून श्वास घेतला. पाणी तांबडं, गढूळ. त्यात स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. पलीकडच्या काठानं बाई छत्री टाकून धावत होत्या.

"मुकुंदाला बांधलंय रे, गोविंदा! बांधलंय त्याला!"

हे गोविंदाला सांगायला हवं होतं थोडंच? त्यानंच तर बांधलं होतं.

बाईंच्या मुकुंदाची ती खुर्ची साहेबांनी विलायतेहून आणलेली. मागच्या सीटवर ठेवायची, तिचे आकडे सीटच्या पाठीला अडकवायचे, पोराला आत बसवायचं आणि कातडी पट्टा कमरेवरून आवळायचा. पानशेत फुटलं तेव्हा बाईंचा भाऊ वाहून गेला. तेव्हापासून त्या कशाकशाला भ्यायच्या. पट्टा लावल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, असा हुकूमच होता. आणि गोविंदा बाईंच्या बंगल्याचा माळी, राखणदार, ड्रायव्हर, सगळं काही. हुकूम मोडायची त्याची काय बिशाद!

त्याच्या बायकोला, सावित्राबाईला, हे कधीच पटलं नाही. "जित्या लेकराला आवळू नगा वं बाई," ती एकदा म्हणाली होती. "असं बांधत्यात ते तिरडीवर."

बाई हसल्या नव्हत्या.

त्याच्या पोरीला, चिंगीला, मात्र त्या खुर्चीचं भारी अप्रूप. बकल कसं लावायचं, कसं सोडायचं, तेही बघून बघून तिला पाठ. आज निघतानाही तिनं लकडा लावलाच.

"बा, मला एकडाव बसू दे की."

"आपली हाय व्हय ती? गुमान खाली बस."

चिंगी सहाची आणि मुकुंदा चारचा, पण त्याचं बाळसं असं की दोघं अंगानं सारखीच. तो पिवळा रेनकोट घालून, टोपीची नाडी गळ्याशी बांधून आपल्या खुर्चीत बसला. चिंगी त्याच्या पायाशी, गाडीच्या तळावर.

बाई पुण्याहून लोकलनं मळवलीला उतरल्या होत्या. त्यांना आणायचं म्हणजे इंद्रायणीवरचा ठेंगणा फरशीपूल ओलांडायचा, आणि फरशीवर तर पाणी आलेलं. गोविंदानं गाडी अलीकडेच थांबवली. काठी घेऊन तो पाण्यात उतरला, मध्यापर्यंत ठोकत ठोकत गेला. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं. पलीकडून भिजलेल्या बाईंनी हात केला.

"गाडी घालू का, बाई?"

"घाल, घाल! हळू ये पण!"

तो परतला तेव्हा मागं दोघं खुसखुसत होती. पोरांचं काय, त्यांना हसायला कारण लागत नाही. त्यानं आरशात बघितलं. खुर्चीत पिवळी टोपी होती.

"बाळ नीट बसलंय न्हवं?"

"व्हय," उत्तर आलं, आणि पुन्हा खुसखूस.

त्यानं गाडी पाण्यात घातली. निम्म्यात पोचली आणि वरून लोंढा आला. गाडी आधी आडवी सरकली, मग मागची चाकं वर उचलून तोंडावर डोहात गेली. गोविंदा खिडकीतून कसा बाहेर पडला, त्याचं त्याला कळलं नाही.

आता दुसरी बुडी. आत दोन लेकरं, आणि त्याला हात दोनच. एक हात तर गाडी धरून राहायलाच लागणार. कुणाकडं जायचं?

चिंगी मोकळी होती. पाठीला भोपळा बांधून ती याच नदीत पोहायला शिकली, आणि गेल्या उन्हाळ्यात भोपळा सोडून डोह पार करून आली. ती निघेल. निघायलाच हवी. बांधलेलं लेकरू कसं निघणार? असा विचार करताना बापाचं काळीज फाटत होतं, पण दुसरा मार्ग सुचत नव्हता. शिवाय ते लेकरू बाईंनी भरवशानं त्याच्या हवाली केलेलं.

त्यानं बुडी मारली. मागची खिडकी चाचपून कमरेपर्यंत आत शिरला. हाताला खुर्ची लागली, रेनकोट लागला, पट्टा लागला. कातडं फुगून बकलात घट्ट बसलं होतं.

तेवढ्यात बाजूनं एक इवलासा हात त्याच्या सदऱ्याला चिकटला.

चिंगे, सोड! पाण्यात बोलता कुठं येतं? हात सोडेना. गोविंदाच्या छातीत आग पेटली होती. वर जाऊन परत यायला आता वेळ नव्हता. त्यानं त्या हाताचं एकेक बोट सोडवलं आणि चिमण्या अंगाला खिडकीकडं लोटलं. जा पोरी, तुला येतंय. जा.

मग त्यानं पट्ट्याला दात लावले. हिरडीतून रक्त आलं आणि बकल सुटलं.

धारेनं त्याला बाईंच्या काठाकडंच फेकलं. शेतातली भातलावणी टाकून धावत आलेला अंबाजी छातीभर पाण्यात उभा होता. त्यानं रेनकोटातलं गाठोडं ओढून घेतलं आणि बाईंच्या मांडीवर पालथं घातलं. टोपी तोंडावर तशीच आवळलेली. बाई वेड्यासारख्या त्या पाठीवर थापट्या मारत राहिल्या. टोपीखालून भसकन पाणी आलं, मग खोकला.

"जित्तं हाय, बाई!" अंबाजी ओरडला.

गोविंदा गुडघ्यावर कोसळला. त्याला रडू फुटलं. "तुमचं बाळ आणलं, बाई. सांभाळा. माझी चिंगी यील आता. तिला पवाया येतंय."

बाईंनी त्याचा चिखलानं भरलेला हात कपाळाला लावला.

तो उठला. नदीकडं तोंड करून पुन्हा कमरेएवढ्या पाण्यात शिरला. धारेवर नुसता फेस वाहत होता. तोंडाशी हात धरून त्यानं सगळा जीव गोळा केला आणि हाक मारली,

"चिंगेऽऽ!"

मागून, बाईंच्या मांडीवरून, खोकत खोकत उत्तर आलं.

"बा, म्या हितं हाय."