डब्यातली मोतीबाई

पाणी अंगणात शिरलं तोवर तांडा रिकामा झाला होता. सगळी माणसं टेकाडावरच्या शाळेत पोचली होती. इंद्रजीतनं म्हाताऱ्या आईला, जमनीला, व्हरांड्यात भिंतीला टेकवून बसवलं आणि वळून पाहिलं. बायको मागे नव्हती.

"याडी, वर्षा कुठी गेली?"

"डबा आनाले गेली," जमनी म्हणाली. "म्या नाही म्हनलं, आयकलं नाही तिनं."

इंद्रजीत उतारावरून पळत सुटला. पैनगंगेचा फुगवटा नाल्यात चढत होता. पाणी वाहत नव्हतं, नुसतं वाढत होतं. त्याला आवाज नव्हता. 

त्यांचं घर सगळ्यात खाली, नाल्याच्या अंगाला. अंगणात पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. आत अंधार होता. टेबलाच्या फळीला पाणी टेकलं होतं आणि वर्षा वाकून कॉम्प्युटरच्या डब्याच्या वायरी उपसत होती.  एक वायर निघतच नव्हती.

"हात नोको लावू! करंट असन त्याच्यात!"

"लाइन सकाळीच गेली."

"मंग कव्हा येईन ते तुले सांगून येते काय?"

ती थांबली नाही. त्या डब्यात तिची कित्येक वर्षं होती. तांड्या-तांड्यांवर जाऊन तिनं म्हाताऱ्या बायांची गाणी भरून आणली होती. सासरी निघालेली नवरी रडत-रडत म्हणते तो ढावलो, होळीतली लेंगीची गाणी, आता कोणी बोलत नाही असे बंजाऱ्यांच्या गोरबोलीतले शब्द. फोन भरला की ती सगळं कॉम्प्युटरात टाकायची आणि फोन रिकामा करायची. "अजून कुठंतरी उतरवून ठेव वं," असं नागपूरचा भाऊ बादल प्रत्येक फोनवर सांगायचा. "सोयाबीन निघालं की ठेवतो," ती म्हणायची. सोयाबीन निघायचं, मग कापूस यायचा.

मागची भिंत मातीची होती. तिचा एक लपका धप्पदिशी पाण्यात पडला.

"टाक तो डबा! जीव मोठा का मशीन मोठी?"

"याच्यात मोतीबाई हाय," वर्षा म्हणाली.

 मोतीबाई होळीच्या आधीच गेली होती. तिच्याएवढी गाणी पंचक्रोशीत कोणाला येत नव्हती. इंद्रजीतनं वायर हातात धरली आणि हिसका देऊन तोडली.

दोघं बाहेर पडले. वर्षानं डबा डोक्यावर घेतला आणि दोन्ही हातांनी गच्च धरला. इंद्रजीत पुढं पायानं जमीन चाचपत चालला होता. सगळीकडं एकसारखं गढूळ पाणी. गोठा कुठला आणि वाट कुठली, काही कळत नव्हतं.

आणि अचानक तो दिसेनासा झाला.

शेणखताचा खड्डा. वर्षाला तो माहीत होता, रोज ती त्यात पाटी रिकामी करायची. पाण्यावर आधी बुडबुडे आले, मग त्याचा हात आला. बोटं हवेत काहीतरी शोधत होती.  वर्षाचे हात डब्यावर होते. एक श्वासभर ते तसेच राहिले.

मग तिनं डबा सोडला.

तिनं त्याचं मनगट धरलं, मग शर्ट, मग केस. ओढता-ओढता ती स्वतः गुडघ्यांवर पडली, नाकातोंडात पाणी गेलं. तो वर आला तो खोकतच. दोघं एकमेकांना धरून उतार चढले. मागं घर बसल्याचा आवाज आला. दोघांपैकी कोणीच वळून पाहिलं नाही.

व्हरांड्यात बाया गोळा झाल्या. कोणी लुगडं दिलं, कोणी टॉवेल. इंद्रजीत पुन्हापुन्हा म्हणत होता, "हिच्यानं वाचलो. हिनं तव्हाच हात धरला." वर्षा खाली पाहत राहिली. तो एक श्वास तिच्या छातीतून अजून बाहेर पडला नव्हता.

"डबा?" जमनीनं विचारलं.

वर्षानं मान हलवली.  भोवतीच्या बायांपैकी कितीकींच्या आया, आत्या, सासवा त्यात होत्या.

जमनी म्हणाली, "मोतीबाईचा ढावलो मले येते थोडासाक. तिच्यासारखा नाही येत. जसा येते तसा म्हनू का?"

वर्षानं सासूकडं पाहिलं. थकलेली मान, पाण्यानं पांढरी पडलेली बोटं. आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, ही पण जाईल.

तिनं शेजारणीचा फोन मागून घेतला. जमनीनं डोळे मिटले आणि सुरू केलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मधेच एक ओळ हरवली. जमनी थांबली, ओठ हलवत राहिली, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. या वेळी ती शेवटपर्यंत गेली.

वर्षानं ते ऐकून पाहिलं नाही. तिनं ते लगेच बादलला पाठवलं. मग पुसदच्या बहिणीला, जयाला. स्क्रीनवर नुसतं बारीक घड्याळ दिसत राहिलं. गेल्याची खूण उमटेना.

ती उठली आणि पावसात शाळेच्या कंपाउंडपर्यंत गेली. तिथं कधीमधी रेंज यायची. फोनवर पदर धरून तिनं हात उंच केला.

"गेलं काय?" इंद्रजीतनं मागून विचारलं.

"घड्याळच हाय अजून."

खाली तांड्याच्या जागी सपाट पाणी दिसत होतं. तिचा हात भरून आला. तरी तिनं तो खाली घेतला नाही.